काट्यापासून पावतीपर्यंत

शेतकऱ्याचा माल तोलला जातो काट्यावर, पण त्याचे पैसे होतात कागदावरच्या आकड्याचे. काटा आणि कागद यांच्या मधे पूर्वी माणसं उभी असत. मापारी वजन पुकारायचा, दिवाणजी ते वहीत चढवायचे, आणि शेतकरी एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्यांच्या लेखणीकडे पाहत राहायचा. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी जिनिंगवर जा, तिथे या माणसांच्या जागी एक वायर दिसेल. काट्याच्या खोलीत, टेबलाच्या मागे, धूळ आणि कापसाचा भुगा खात पडलेली. तिचं एक टोक काट्याच्या पेटीत आणि दुसरं संगणकात. जिल्ह्यातल्या हजारो घरांची वर्षभराची कमाई नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत या वायरीतून आकड्याच्या रूपाने जाते, आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पाहायचं कारणही नसतं. वायर म्हणजे काय, तांब्याची तार आणि वरून प्लास्टिक!

पण ही वायर तशी नाही. एका टोकाला नऊ टाचण्यांचं जुन्या पद्धतीचं, दोन स्क्रूंनी घट्ट बसवायचं डोकं आणि दुसऱ्या टोकाला आपल्या पेन ड्राइव्हसारखं चपटं यूएसबीचं डोकं. या दोनपैकी एका डोक्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक पाटी असते, आणि तिच्यावर एक-दोन चिपा बसवलेल्या असतात. म्हणजे दिसायला वायर, पण आत चालणारं एक छोटं यंत्र. बाजारात तिला ‘यूएसबी टू सीरियल’ म्हणतात. काही जण नुसतंच ‘कन्व्हर्टर केबल’ म्हणतात.

बँकेत मी पस्तीस-छत्तीस वर्षं काढली. त्यामुळे या नऊ टाचण्यांशी माझी ओळख जुनी आहे. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा यांत्रिकीकरणाचा अहवाल १९८४ साली आला, आणि त्यानंतर हळूहळू शाखांतून यंत्रं दिसू लागली. आधी लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग संगणक. आमच्या शाखेत नव्वदच्या दशकात संगणक आला तो एकच. बाकी टेबलांवर होते नुसते पडदे आणि कळफलक, ज्यांना स्वतःचं डोकं नव्हतं. मॅनेजरच्या केबिनशेजारच्या थंड खोलीतल्या एका यंत्राला ते सगळे जोडलेले. प्रत्येक टेबलापासून एकेक वायर निघून भिंतीच्या कडेने त्या खोलीत शिरायची. पासबुक छापायचं यंत्रसुद्धा अशाच वायरीवर चालायचं. महिन्यातून एकदा तरी उंदीर एखादी वायर कुरतडायचा आणि मग नागपूरहून इंजिनियर यायचा. तो डाक तापवून टाचण्या जोडत बसलेला असताना मी शेजारी खुर्ची घेऊन बसायचो. माझ्या कादंबऱ्यांना त्यातून काही मिळालं नाही, पण एक गोष्ट कळली. दोन नंबरची टाचणी ऐकते, तीन नंबरची बोलते आणि पाच नंबरची दोघांची जमीन एक करते. एका यंत्राचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडायचं, बस्स. उरलेल्या सहा टाचण्या शिष्टाचाराच्या: ‘बोलू का?’, ‘बोल’, ‘थांब जरा’ एवढ्यासाठी.

या बोलण्याच्या रीतीला आरएस-२३२ असं रूक्ष नाव आहे. ती अमेरिकेत १९६० साली ठरली, आणि जी रूढ झाली ती तिची १९६९ सालची सुधारित आवृत्ती. तेव्हा घरोघरी संगणक येतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. टेलिप्रिंटर आणि टेलिफोनच्या तारा एकमेकांशी जोडायच्या एवढाच हेतू. रीत अगदी साधी: तारेवर ऋण बाजूला वीज असली की ‘एक’, धन बाजूला असली की ‘शून्य’. वीजही अंमळ जोरकस, पाच ते पंधरा व्होल्टची, म्हणजे लांबून आलं तरी ऐकू जावं. एक अक्षर पाठवायचं तर आधी ‘लक्ष दे’ म्हणणारी एक खूण, मग अक्षराच्या आठ खुणा, मग ‘संपलं’ म्हणणारी एक, अशा दहा. सेकंदाला ९६०० खुणांचा वेग ठेवला तर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. या वेगाला ‘बॉड’ म्हणतात, ते तारायंत्राच्या काळातल्या एमिल बोदो या फ्रेंच इंजिनियराच्या नावावरून. तो वारला १९०३ साली! दोन्ही बाजूंना वेग सारखा ठेवला नाही, तर वजनाच्या जागी पडद्यावर नुसती चिन्हं आणि चांदण्या उमटतात. जिनिंगवरचे दिवाणजी त्याला ‘काटा बरळतो’ असं म्हणतात.

काट्याचं म्हणाल तर मोठ्या वजनकाट्याच्या फळीखाली पोलादाचे ठोकळे असतात, त्यांना लोड सेल म्हणतात. गाडी वर चढली की ते ठोकळे डोळ्याला दिसणार नाहीत इतके दबतात. त्यांना चिकटवलेल्या बारीक तारांच्या जाळ्या त्याबरोबर ताणल्या वा आकसल्या जातात, त्यामुळे विजेला होणारा त्यांचा विरोध किंचित बदलतो. हा बदल काही मिलिव्होल्टचा. तो मोजून आकड्यात बदलण्याचं काम इंडिकेटर नावाची पेटी करते. तिच्यावरच ते लाल आकडे पेटलेले दिसतात. आणि हाच आकडा ही पेटी आपल्या नऊ टाचण्यांतून सतत बाहेर सांगत राहते: ४८६०, ४८६०, ४८६०... कुणी ऐको वा न ऐको. संगणकाने तो ऐकला आणि पावती छापली की माणसाचा हात न लागता वजन कागदावर आलं.

हे सगळं सुरळीत चालू होतं ते संगणकाला नऊ टाचण्यांची जागा होती तोवर. मग यूएसबी आली. १९९६ च्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम धरून सात कंपन्यांनी मिळून हे काम केलं. त्यामागच्या इंटेलमधल्या गटाचं नेतृत्व करणारे अजय भट्ट आपल्याकडचे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. मुलीच्या शाळेचं काम घरच्या प्रिंटरवर छापताना पत्नीची होणारी तारांबळ पाहून आपल्याला हे सुचलं, असं त्यांनी सांगितलेलं आहे. १९९८ साली अॅपलने आयमॅक काढला आणि त्यात जुन्या जागा सरळ बंद करून फक्त यूएसबी ठेवली. पुढे लॅपटॉपवरूनही नऊ टाचण्यांची जागा गेली, आणि घरगुती माणसाला ती गेल्याचं कळलंही नाही.

कळलं ते ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षं टिकणारी यंत्रं होती त्यांना. वजनकाटा काही संगणकासारखा चार वर्षांनी बदलत नाही. दूध संकलन केंद्रातला काटा, कारखान्यातली लेथ, प्रयोगशाळेतलं उपकरण, वणीकडे कोळशाच्या ट्रकांना तोलणारे काटे, ही सगळी मंडळी अजून १९६९ सालच्या रीतीने बोलतात. नवा संगणक ती भाषा विसरलेला. म्हणून मधे हा दुभाषा.

आम्हा यवतमाळकरांना दुभाष्याची ही कल्पना समजायला जड जाऊ नये. आमची शकुंतला आठवा. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू केली. मूर्तिजापूरला मुंबईचा मोठा मार्ग लागे, तो साडेपाच फुटी. लहान रुळांवरचा डबा मोठ्या रुळांवर चढणं शक्यच नव्हतं. तेव्हा कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला हमालांनी उतरवायची आणि दुसऱ्या गाडीत चढवायची. मग ती मुंबई आणि पुढे मँचेस्टर. गंमत म्हणजे १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं वाफेचं इंजिन ही गाडी १९९४ पर्यंत ओढत होतं. गाडी आता बरीच वर्षं बंद आहे. पण वायरीच्या डोक्यातली ती पाटी मूर्तिजापूरचंच काम करते. या बाजूने आलेलं अक्षर उतरवून घ्यायचं, जरा वेळ फलाटावर ठेवायचं आणि पलीकडच्या गाडीत चढवायचं.

फलाटावर ठेवायचं हे मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. इंडिकेटर मनाला येईल तेव्हा बोलतो. यूएसबीत तशी मुभा नाही. तिथे संगणक साहेब असतो आणि त्याने विचारल्याशिवाय जोडलेल्या उपकरणाने तोंड उघडायचं नसतं. तो दर मिलिसेकंदाला सगळ्यांची हजेरी घेतो. तेव्हा चिपेला काट्याचे आकडे आपल्या छोट्याशा स्मरणात साठवून ठेवावे लागतात, आणि साहेबाची हाक आली की गठ्ठा करून द्यावे लागतात. शिवाय जोरकस वीज मवाळ करायची ती वेगळीच. हे सगळं करण्यासाठी संगणकातही त्या चिपेची भाषा जाणणारा एक कार्यक्रम बसवावा लागतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. आमच्या एका वयस्क जिनिंगवाल्याने ‘ड्रायव्हर नाही म्हणून काटा बंद’ असं ऐकून, ‘मग गाडीवाल्याला बोलवा ना बाहेरून’ असं म्हटल्याचं सांगतात. खरं-खोटं देव जाणे.

दोन-तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझा पुतण्या शेती करतो. कापूस, तूर, थोडा हरभरा. त्या दिवशी त्याच्या कापसाच्या ४०७ बरोबर मीही जिनिंगवर गेलो. निवृत्त माणसाला कुठेही जायला सवड असते. फाटकाबाहेर रांग होती: ट्रॅक्टर, मेटॅडोर, दोन-चार बैलबंड्याही. रांगेत कुजबूज चालली होती, आणि तिचं कारण आत गेल्यावर कळलं. जिनिंगचा जुना संगणक विजेच्या झटक्याने गेला होता. नवा आणला, त्याला नऊ टाचण्यांची जागा नाही. कुणीतरी अडीचशे रुपयांची कन्व्हर्टर केबल आणून दिली, ती चार दिवस चालली आणि पाचव्या दिवशी बंद पडली. त्यामुळे दिवाणजी काचेतून इंडिकेटरचे लाल आकडे वाचत होते आणि बोटांनी संगणकात टाकत होते. सकाळपासून शंभरावर गाड्या झाल्या होत्या.

माझ्या शेजारी उभे असलेले एक शेतकरी म्हणाले, “आकडा तं काट्यावर दिसते साहेब, पण कागदावर कोन्ता येईन थे कोनाले ठाऊक?”

“विश्वास ठेवा भाऊ,” मी म्हणालो. बँकेतली सवय!

“इश्वास हायेच. म्हून तं रांगेत हावो.”

पुतण्याची गाडी तोलली गेली आणि पावती हातात आली. भरलेल्या गाडीचं वजन ४६८० किलो. पुतण्याचा चेहरा उतरला. त्याने येताना रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर गाडी तोलून घेतली होती. इकडे बरेच शेतकरी तसं करतात, शंभर-पन्नास रुपये गेले तरी मनाला आधार असतो. त्या चिठ्ठीवर आकडा होता ४८६०. “काका, हे बघा,” म्हणून त्याने दोन्ही कागद माझ्या हातात दिले.

फरक १८० किलोंचा. मोठे काटे पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्यांनी वजन दाखवतात. दोन काट्यांत दहा-वीस किलोंचं अंतर पडलं तर त्यावरून भांडण काढू नये. पण १८०? क्विंटलला सात हजारांचा भाव धरला तरी बारा हजार सहाशे रुपये. एका मजूर बाईला एवढा पैसा मिळवायला किती दिवस वेचणीला वाकावं लागतं, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मला मात्र त्या १८० कडे पाहून हायसं वाटलं. बँकेत दिवसाचा ताळा जुळला नाही की आमचे हेड कॅशियर आधी फरकाला नवाने भागून पाहायचे. भाग गेला तर बहुधा कुणीतरी दोन आकड्यांची अदलाबदल केलेली असते. ७२ च्या जागी २७ लिहिले तर फरक ४५, ९१ च्या जागी १९ लिहिले तर ७२, नेहमीच नवाच्या पाढ्यातला. कारण दशकाच्या घरातला आकडा एककात आला की तो नऊ पटीने कमी होतो आणि एककातला दशकात गेला की नऊ पटीने वाढतो. शतक आणि सहस्राच्या घरातही हेच गणित. १८० ला नवाने भाग जातो. आणि दोन्ही वजनांत आकडे तेच: चार, सहा, आठ, शून्य. आठ-सहाचे झाले होते सहा-आठ.

गाडी अजून रिकामी व्हायची होती म्हणून बरं. मी दिवाणजींना दोन्ही कागद दाखवले आणि नवाची भानगड सांगितली. त्यांनी एक शब्दही न बोलता गाडी परत काट्यावर घ्यायला लावली. लाल आकडे पेटले: ४८६०. दिवाणजींनी जुनी पावती फाडली, नवी दिली आणि चष्मा काढून डोळे चोळले. वय माझ्याच आसपासचं. सकाळी सातपासून काचेतून वाचून-वाचून डोळे लाल झालेले. या माणसाला लबाड म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण माल उतरल्यावर फरक ध्यानात आला असता, तर तो लबाड नाही हे पुतण्याला मी कशावरून पटवणार होतो? आणि ज्यांनी बाहेर तोलून आणलं नव्हतं त्यांचं काय? अदलाबदल दोन्ही बाजूंनी होऊ शकते, म्हणजे एखाद्याला १८० किलो जास्तही गेले असतील, हे खरंच. ज्याच्याकडे २३ क्विंटलच कापूस आहे त्याला त्या सरासरीचा काही उपयोग नाही.

संध्याकाळी काट्याची देखभाल करणारा पोरगा मोटारसायकलवर आला. पॉलिटेक्निक झालेला, पाठीवर पिशवी. त्याने संगणकाच्या मागे वाकून केबल काढली, दिव्याखाली धरली आणि म्हणाला, “काका, ही चालणारच नव्हती.” मी खुर्ची ओढून बसलो. नागपूरच्या त्या जुन्या इंजिनियराची आठवण झाली.

त्याने जे दाखवलं ते मला नवीन होतं. या केबलींच्या पोटातल्या चिपा चार-पाच घराण्यांच्या असतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एक, तैवानच्या प्रोलिफिकची एक, अमेरिकेतल्या सिलिकॉन लॅब्जची एक, आणि अलीकडे चीनमधली स्वस्त सीएच३४०. पहिल्या दोघी इतक्या खपल्या की त्यांच्या हुबेहूब नकला निघाल्या. नाव तेच, अंगावरची अक्षरं तीच, आतलं पोट वेगळं. वरून प्लास्टिक ओतलेलं, त्यामुळे घेणाऱ्याला काय कळणार? दुकानदारालाही कळत नाही.

नकलांवर चिडून या कंपन्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात एफटीडीआयने आपला नवा ड्रायव्हर विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून जगभर पाठवला. तो नकली चिप दिसली की तिच्या स्मरणातला ओळख क्रमांक पुसून शून्य करून टाकायचा. क्रमांक गेला की कुठलाच संगणक तिला ओळखेना, दुसऱ्या संगणकाला जोडली तरी नाही! लोकांची काल चालणारी यंत्रं आज मुकी झाली. प्रचंड ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. २०१६ साली त्याच कंपनीने दुसरी युक्ती काढली. चिप नकली असेल तर खऱ्या आकड्यांच्या जागी ‘हे अस्सल उपकरण नव्हे’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तारेवरून पाठवायचं. प्रोलिफिकची तऱ्हा निराळी. तिने आपल्याच काही जुन्या चिपांचा नव्या विंडोजमधला आधार काढून घेतला. म्हणजे नकली तर बंदच, पण दाम मोजून घेतलेली जुनी अस्सलही बंद. त्या दिवशी जिनिंगच्या संगणकावर आलेला इंग्रजी मजकूर हाच होता: ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, तुमच्या विक्रेत्याशी संपर्क साधा. चार दिवस चाललेली केबल पाचव्या दिवशी का बंद पडली, तर रात्री संगणकाने स्वतःहून नवा ड्रायव्हर उतरवून घेतला होता.

विक्रेत्याशी संपर्क साधा! हे वाक्य आमच्या जिल्ह्याने फार ऐकलेलं आहे. बोगस बियाण्याची पाकिटं घेतलेला शेतकरी उगवण झाली नाही म्हणून तक्रार घेऊन गेला की त्यालाही हेच सांगतात. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून खऱ्या पाकिटाशेजारी खोट्याचा धंदा चालत आलेला आहे. ‘चोर बीटी’ मी यात धरत नाही. परवानगी नसलेलं ते बियाणं घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असतं. पण सीलबंद, छापील नावाचं पाकीट मोजून पैसे देऊन घेतलेल्याचं काय? नकल करणारा कुठल्या कुठे असतो. मूळ कंपनी आपल्या हक्कासाठी दंडा उगारते, आणि तो बसतो मधल्या निरपराध माणसाच्या पाठीवर. एफटीडीआयचा राग खरा होता हे मला मान्य आहे. वर्षानुवर्षं खपून केलेली वस्तू दुसऱ्याने आपल्या नावावर विकावी हे कुणाला सहन होईल? लेखकाला तर नाहीच, माझ्या एका कादंबरीच्या चोरट्या प्रती मी स्वतः फुटपाथवर पाहिल्या आहेत. पण त्या प्रती विकत घेणाऱ्या वाचकाच्या घरात शिरून पानं कोरी करण्याची विद्या मला अवगत असती, तरी ती मी वापरली नसती असं वाटतं.

सरकारी कायदा या वायरीपर्यंत फारसा पोचत नाही. २००९ चा वैधमापन कायदा २०११ पासून लागू झाला. त्याखाली वजनकाट्याची वर्षातून एकदा फेरपडताळणी करून घ्यावी लागते, वैधमापन शास्त्र विभागाचा माणूस येतो, प्रमाणित वजनं ठेवून पाहतो आणि शिक्का मारतो. काटा खरा आहे याची ती हमी. पण इंडिकेटरवर पेटलेला खरा आकडा पलीकडे टेबलावरच्या कागदावर खराच उतरला की नाही, हे पाहायला पडताळणीनंतरचे उरलेले ३६४ दिवस शेतकरी आणि दिवाणजी हे दोघंच असतात. हमीभावाने कापूस विकला की पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता, म्हणजे काट्याचा दहा किलोंचा एकच टप्पा साडेसातशे रुपयांचा. खात्यात रक्कम आली की तिचं मूळ शोधायला कुणी काट्यापर्यंत मागे जात नाही. बँकेत असताना मीही कधी गेलो नाही, ते आमचं कामच नव्हतं.

पोराने पिशवीतून दुसरी केबल काढली. बाराशेची. तिच्या आत प्रत्येक नगाला स्वतःचा क्रमांक दिलेला असतो. त्यामुळे संगणकाच्या कुठल्याही भोकात खुपसली तरी संगणक तिला तीच म्हणून ओळखतो. स्वस्त केबलींना बहुधा असा क्रमांक नसतो. झाडलोट करताना या भोकातून काढून त्या भोकात घातली की संगणकाला वाटतं, कुणी नवाच पाहुणा आला, आणि तो तिला नवा ‘कॉम’ नंबर देतो. पावतीचा कार्यक्रम जुन्याच नंबरवर कान लावून बसलेला असतो. काटा बोलतोय, वायर ठणठणीत, आणि पडद्यावर वजन शून्य! निम्म्या तक्रारी याच असतात म्हणाला. दारव्ह्याला एकदा यासाठी रात्री दहा वाजता जावं लागलं होतं.

मी त्याच्या पिशवीत डोकावलो. आणखी एक केबल दिसली, तिच्या यूएसबीच्या डोक्यातच सगळी पाटी भरलेली आणि दुसऱ्या टोकाला नऊ टाचण्यांऐवजी सहा रंगीत तारा: काळी, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी. “ही लावून पाहायची नाही?” मी विचारलं. त्याने माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. ती म्हणे उघड्या पाट्यांशी थेट बोलायची, तीन किंवा पाच व्होल्टची. काट्याच्या जोरकस विजेला जोडली तर जागच्या जागी जळून जाईल. जमिनीतला ओलावा मोजून मोटार चालू-बंद करणारं एक यंत्र तो रात्री घरी बसून बनवतो आहे, त्याच्यासाठी ती ठेवलेली. “ओळखायचं कसं मग?” “तारा सुट्या दिसल्या की आधी कागद वाचायचा, सर. मग हात लावायचा.” काकाचा सर कधी झालो ते कळलं नाही.

नवी केबल लागली. ‘कॉम’ नंबर एकवर पक्का केला. वेग ९६०० वर जुळवला. पडद्यावर एकदम आकडे धावू लागले, आणि रिकाम्या काट्यावर शून्याशी येऊन थांबले. बाहेर ट्रॅक्टर चढला तसे हलले, डुलले, मग ६१३० वर स्थिर झाले. दिवाणजींनी हात मांडीवर ठेवून नुसतं पाहिलं. त्यांना बोटही लावावं लागलं नाही.

जाताना पोराने पावतीच्या कार्यक्रमात एक बदल करून दिला. तो आधीपासून त्यात होता, कुणी चालू केलेला नव्हता. वायरीतून आलेलं वजन असेल तर पावती नेहमीसारखी छापली जाते. दिवाणजींनी हाताने आकडा टाकला असेल तर पावतीच्या तळाशी एक शब्द आपोआप उमटतो: ‘हस्तनोंद’. जिनिंगच्या मालकाला हे आधी रुचलं नाही, गिऱ्हाईक बिचकेल म्हणाला. दिवाणजींनीच आग्रह धरला. गेल्या हंगामात मी पुन्हा गेलो तेव्हा बारीक अक्षरात तो शब्द असलेल्या दोन पावत्या पाहिल्या. वीज जाऊन आली होती त्या वेळच्या. दोन्ही गाड्या शेतकऱ्यांनी मागून पुन्हा तोलून घेतल्या होत्या, आणि दिवाणजींनी तोलून दिल्या होत्या. वजनात काही फरक निघाला नव्हता. पुतण्याने त्याची पावती हातात घेतली आणि आधी उलटीकडून, तळापासून वाचायला सुरुवात केली.